पंगतीतले सूर : चौघड्यापासून ध्वनिक्षेपकापर्यंत



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटले, की आपल्या चिटणीसबाई घरोघर फिरून लेख गोळा करतात. यंदा त्यांनी मला सांगितले, "तुम्ही काहीतरी इतिहासावर लिहा." इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. पण आपल्या घरांनाही इतिहास असतो, आणि तो बहुधा आपल्या स्वयंपाकघरात, माजघरात व मांडवात घडलेला असतो. म्हणून मी विषय निवडला आहे तो लग्नाच्या जेवणाच्या वेळी वाजणाऱ्या संगीताचा. विषय लहान दिसतो खरा. पण त्याचा माग काढीत गेले, तेव्हा त्यात मला मानपान, जातपात, यंत्रयुग आणि बायकांचा आवाज असे सारे काही सापडले. शिवाय हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. मारुंजी, हिंजवडी, नेरे, जांबे, कासारसाई या सगळ्या टापूत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लॉन्स आणि मंगल कार्यालये उभी राहिली आहेत. लगीनसराईत आपल्यातल्या कोणाच्या ना कोणाच्या घरी कार्य असतेच, आणि "जेवणाच्या वेळी काय लावायचे?" हा प्रश्न यजमानीणबाईंना हमखास विचारला जातो.

आधी अगदी जुन्या काळापासून सुरुवात करू. आपल्याकडे सनई आणि चौघडा ही मंगलवाद्ये. देवळात देवापुढे वाजायची, राजवाड्यात नगारखान्यात वाजायची, आणि लग्नात मांडवाच्या दाराशी वाजायची. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर आजही नगारखाना उभा आहे; आपल्यापैकी बहुतेकींनी तो पाहिला असेल. सवाई माधवरावांचे लग्न १७८३ साली पुण्यात झाले, तेव्हा नाना फडणिसांच्या देखरेखीखाली तयारीच्या तपशीलवार याद्या झाल्या होत्या. त्या लग्नाची यादी पुढे छापूनही निघाली आणि मराठी वाचकांच्या परिचयाची झाली. कार्यात कोणी काय करावे, पाहुण्यांचा मान कसा ठेवावा, हे लिहून ठेवण्याची आपली रीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते चौघड्याचे वादन आज आपण ज्याला 'मागे लावलेले संगीत' म्हणतो, तसे मुळीच नव्हते. त्याला काम होते. वरपक्ष सीमेवर आला, नवरदेव मांडवात शिरला, अक्षता पडल्या, पंगत बसली, हे सगळ्या गावाला कळवण्याचे काम सनई-चौघडा करीत असे. तेव्हा छापील पत्रिका घरोघर जात नव्हती आणि मनगटावर घड्याळ नव्हते. मंगलाष्टके संपून वाजंत्री कडाडली, की शेतातल्या माणसालाही समजे की लग्न लागले. सनईचा आवाज मोकळ्या हवेत दूरवर जातो, कारण तिची नळी खालच्या तोंडाकडे रुंद होत जाते आणि फुंकरीची पत्ती थरथरते ती फार जोराने. हे वाद्य मोकळ्या अंगणासाठी व उंच नगारखान्यासाठी घडले आहे, चार भिंतींच्या आतल्या खोलीसाठी नव्हे. ही गोष्ट पुढे आपल्या कामी येणार आहे, म्हणून येथेच सांगून ठेवते.

वाजवणारे कोण होते? देवळात गुरव व घडशी, गावच्या लग्नकार्यात मांग आणि इतर वाजंत्री समाजातली माणसे. ही कला बापाकडून मुलाकडे येई. सनईवाला दम न तोडता फुंकत राही. नाकाने श्वास घ्यायचा आणि गालातल्या हवेने सूर चालू ठेवायचा, ही विद्या साधायला वर्षे लागतात. बरोबरीला दुसरा एक जण नुसता सूर धरून बसे. संबळ वा नगारा ताल देई. त्यांच्याशिवाय लग्न लागत नसे. आणि तरीही, भगिनींनो, ज्यांच्या सुराने मांडवाला शोभा आली, त्यांना मांडवाच्या बाहेर बसावे लागे. गावाची पंगत उठल्यावर त्यांचे पान वाढले जाई, तेही वेगळे. पाहुणा पहिल्या पंगतीला, घरची मंडळी मागून आणि वाजंत्री सर्वांत शेवटी, असा क्रम होता. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. कायदा झाला म्हणजे पंगत लगेच बदलते असे नाही. ती बदलायला यजमानांच्या व विशेषतः यजमानीणबाईंच्या मनाची तयारी लागते. पंगतीच्या संगीताचा इतिहास लिहायचा आणि वाजवणाऱ्याच्या पानाविषयी बोलायचे नाही, हे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

आता आपल्या म्हणजे बायकांच्या भागाकडे वळू. बाहेर वाजंत्री, तर आत गाणी. लग्नाच्या आधी घाणा भरायचा, उखळात मुसळ घालून सवाष्णींनी ओव्या म्हणायच्या. जात्याला सुपारी बांधून हळद दळायची, तेव्हा गाणे हवेच. देवक बसले, तेल लागले, रुखवत आले, प्रत्येक वेळेची गाणी निराळी. रुखवताच्या वेळी विहिणी एकमेकींना गाण्यातून अशा काही कोपरखळ्या मारीत, की गद्यात तसे बोलले असते तर लग्नच मोडायचे! पंगतीत नवरानवरीने एकमेकांना घास भरवायचा आणि नाव घ्यायचे. पुरुषांच्या पंगतीत श्लोक म्हणण्याची चाल होती. पाहुणेमंडळी आळीपाळीने श्लोक म्हणत आणि कोणाला किती पाठ आहे हे तिथेच उघडे पडे.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती 'विहीण'. आमच्या पिढीतल्या अनेकींना ती ठाऊक आहे; नव्या मुलींसाठी सांगते. वरपक्षाच्या बायकांची खास पंगत बसे. पाटाभोवती रांगोळ्या, उदबत्त्या, वाढायला निवडक सवाष्णी. त्या वेळी मुलीकडच्या बायका जे गाणे म्हणत, त्यालाच 'विहीण' म्हणत. त्यात मुलीच्या आईच्या वतीने व्याहिणीला विनवणी असे : आमची लेक लाडात वाढली आहे, तिला समजून घ्या, चुकले माकले पदरात घ्या. म्हणजे पंगतीत वाजणारे हे संगीत मागे लावलेले नव्हते. ज्या बाईला सभेत बोलण्याची सोय नव्हती, तिने आपल्या लेकीसाठी घातलेले ते गाऱ्हाणे होते, आणि ते जेवणाच्या वेळीच घालायचे, कारण त्या वेळी ऐकणारीला उठून जाता येत नाही. ऐकताना दोन्हीकडच्या बायकांचे डोळे भरून येत, कारण व्याहीणही कधीतरी कोणाची लेक म्हणून सासरी आलेली असे.

त्या विहिणीत एक उणीवही होती, ती झाकायचे कारण नाही. मुलीकडच्यांनी वाकायचे आणि मुलाकडच्यांनी वाकवून घ्यायचे, हा त्या काळचा रिवाज त्या गाण्यात उतरलेला असे. मानपानात थोडे कमी पडले तर विहीणबाई पानावरून उठून जात, आणि मग गाण्याबरोबर रडणेही ऐकू येई. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्या कायद्यामागे ज्या कहाण्या होत्या, त्यांचा दबका सूर विहिणीच्या गाण्यात फार आधीपासून होता, असे मी म्हणेन.

ही गाणी अशिक्षित बायकांची बडबड म्हणून कितीतरी काळ कोणी टिपून घेतली नाहीत. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' हा संग्रह सिद्ध केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावची गाणी, उखाणे, म्हणी ग्रंथरूपाने छापून आणल्या. आणि ही तर आपल्या अभिमानाची गोष्ट, की आपल्याच मुळशी तालुक्यातून आणि शेजारच्या मावळातून असे एक मोठे काम उभे राहिले. गी प्वातवँ हे फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात डोंगरी गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला आरंभ केला. पुढे बर्नार बेल यांनी त्यांतल्या अनेकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. हा संग्रह वाढत वाढत एक लाखावर ओव्यांपर्यंत गेला, आणि तो आता 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. जगातल्या मोठ्या लोकगीतसंग्रहांत त्याची गणना व्हावी इतका तो मोठा आहे. आपल्या आज्या पहाटे जाते ओढताना जे म्हणत, ते आज दूर देशीचे विद्वान कान देऊन ऐकतात, आणि आपल्या मांडवात मात्र ते ऐकू येत नाही, हा केवढा विरोधाभास!

ते का ऐकू येईनासे झाले? एक कारण पिठाची गिरणी. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि जात्याबरोबर गाण्याची रोजची तालीमही गेली. गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, त्याबद्दल तिचे उपकारच मानले पाहिजेत. पण रोज न म्हटलेले गाणे लग्नाच्या दिवशी एकदम गळ्यातून निघत नाही.

दुसरे कारण यंत्र. थॉमस एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारे यंत्र केले. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीची युक्ती काढली. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान या नामांकित गायिकेचे गाणे तबकडीवर घेतले. तबकड्या तयार होत जर्मनीत. तिथल्या कारागिरांना गाणारीण कोण ते कळावे म्हणून गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगे. मला यात फार मौज वाटते. आपल्या पंगतीत नवरी लाजत लाजत नवऱ्याचे नाव घेई. आणि त्याच काळात एक बाई कर्ण्यासमोर उभी राहून स्वतःचे नाव ठणकावून घेत होती! १९०८ साली कलकत्त्यात सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि तबकडी स्वस्त झाली. सधन घरांच्या दिवाणखान्यात फोनो आला. त्याची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले. म्हणजे पंगत उठेपर्यंत कोणीतरी चावी देत, सुई बदलीत, तबकडी उलटीत बसलेच पाहिजे. बहुधा घरातला एखादा हौशी भाचा हे काम अंगावर घेई आणि त्याचे जेवण राही.

फोनोचा आवाज बेताचा असे. खरा फरक पडला तो ध्वनिक्षेपकाने. मांडवाच्या खांबाला कर्णा बांधला गेला, आणि गावातल्या लग्नाचा मान त्या कर्ण्याच्या आवाजावरून ठरू लागला. आपल्या भागात लग्ने बहुधा गोरज मुहूर्तावर, म्हणजे तिन्हीसांजेला लागतात; त्यामुळे मोठी पंगत रात्रीची. कर्ण्यावरून आधी मान्यवरांची स्वागते, मग आशीर्वादपर भाषणे, मग आहेरांची नावे, आणि उरलेल्या वेळेत सिनेमाची गाणी. आत बायका विहीण म्हणू लागल्या तरी बाहेरच्या कर्ण्यापुढे त्यांचे कोणाला काय ऐकू येणार? त्या गप्प बसल्या, त्या कोणी मना केले म्हणून नव्हे. त्यांच्या आवाजाला मांडवात जागाच उरली नाही.

याच सुमारास सनईला मात्र नवा मान मिळाला. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि 'विविध भारती' ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. सकाळी रेडिओ लावला की सनईचे मंगल सूर घरात येऊ लागले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी स्वातंत्र्याच्या वेळी, १९४७ मध्ये, दिल्लीत सनई वाजवली होती. देवळाच्या दाराशी बसणारे हे वाद्य त्यांनी मैफलीच्या व्यासपीठावर नेले. १९५९ साली 'गूंज उठी शहनाई' हा चित्रपट आला. त्याला संगीत आपल्या वसंत देसाईंचे आणि सनई खाँसाहेबांची. लग्न म्हणजे सनई, हे समीकरण आपल्याकडे जुनेच होते; पण आता ते साऱ्या देशाच्या मनात पक्के बसले. खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले आणि २००६ साली ते वारले. एका मुसलमान उस्तादाच्या सुरांनी लाखो हिंदू घरांतली लग्ने मंगल झाली, ही गोष्ट आपण मुलाबाळांना सांगण्याजोगी आहे. स्त्रियांच्या मंडळात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे छातीचे वाद्य, बाईला पेलायचे नाही, असे म्हणत. दिल्लीच्या बागेश्वरी कमर आणि आपल्या पुण्याच्या नम्रता गायकवाड यांनी सनई हाती घेऊन तो समज पुसून टाकला.

जेवताना संगीत असावे ही हौस काही आपलीच नव्हे. जर्मन संगीतकार टेलेमान याने १७३३ साली मेजवानीच्या वेळी वाजवायच्या रचनांचा संग्रहच छापला. फ्रान्समध्ये एरिक साती याने १९२० च्या सुमारास आसनासारखे, पडद्यासारखे, नुसते खोलीत असणारे संगीत रचले. त्याच्या कार्यक्रमात ते वाजू लागताच लोक बोलणे थांबवून ऐकू लागले, तेव्हा तो त्यांना विनवू लागला, की बाबांनो ऐकू नका, बोलत राहा! अमेरिकेत १९३४ साली 'म्यूझॅक' ही कंपनी निघाली आणि तारेवरून उपाहारगृहांना मंद संगीत पुरवू लागली. तिथपासून 'न ऐकण्याचे संगीत' हा एक धंदाच झाला. आपल्याकडे तो कॅसेटबरोबर आला. १९८० नंतर कॅसेट घरोघर झाली. कार्यालयात सनईची एक कॅसेट दिवसभर उलटीपालटी होत राही. पुढे तबकड्या गेल्या, कॅसेट गेल्या, आणि आता मोबाइलवरून गाणे लागते व डीजेच्या भिंती ते सगळ्या शिवारात पोहोचवतात.

गेल्या लगीनसराईत मी आपल्याच भागातल्या एका लॉन्समध्ये जेवायला गेले होते. शेजारी नवरीची आजी बसली होती. वय ऐंशीच्या घरातले, कानाला यंत्र. नागपूरकडून आलेली तिची धाकटी बहीण तिला कितीतरी वर्षांनी भेटत होती. दोघी एकमेकींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत होत्या आणि एकीलाही दुसरीचे कळत नव्हते. शेवटी आजींनी कानातले यंत्र काढून पदराच्या गाठीला बांधले आणि बहिणीचा हात हातात धरून दोघी मुकाट्याने जेवल्या. आवाज कमी करा असे सांगायला मी गेले, तर व्यवस्था पाहणारा मुलगा अदबीने म्हणाला, "मावशी, पॅकेजमध्येच आहे." दोन बहिणींची भेट होऊनही बोलणे झाले नाही, ते मला फार लागले.

यामागचे शास्त्रही सांगते. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कानवैद्याने १९११ साली दाखवून दिले, की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. पंगतीत संगीत मोठे झाले की माणसे मोठ्याने बोलतात. ती मोठ्याने बोलली की वाजवणारा आवाज आणखी वाढवतो. आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. साधे बोलणे हातभर अंतरावरून सुमारे ६० डेसिबल भरते. त्याच्या खाली संगीत राहिले तरच बोलणे सुखाचे. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या बंदीवर भर दिला. गावात पाळण्यातली मुले आहेत, दहावीची मुले आहेत, आणि आयटी पार्कातून रात्रपाळी करून आलेली आपली नवी शेजारी मंडळीही आहेत. त्यांचाही आपल्या लग्नाशी एवढा संबंध येतोच.

आणखी एक व्यवहाराची माहिती. लग्नात गाणी लावायला परवाना लागतो, पैसे भरा, असे कोणी म्हणाले तर गोंधळून जाऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात लग्नविधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ती पुन्हा स्पष्ट केली आहे.

मग जेवणाच्या वेळी लावावे तरी काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सुचवते.

पहिले, वेळ पाहून राग निवडावा. सकाळी तोडी, भैरव. दुपारच्या पंगतीला सारंग. उन्हे कलताना भीमपलास. गोरज मुहूर्तानंतर यमन. आणि रात्रीच्या जेवणाला बिहाग, देस, खमाज. पाठवणीच्या वेळी भैरवी. नावे पाठ नसली तरी चालतील. सनई, बासरी किंवा संतूर वाजवणाऱ्याला वेळ सांगितली की तो बरोबर निवडतो.

दुसरे, जेवताना शब्द नसलेले संगीत बरे. शब्द आले की कान तिकडे ओढला जातो आणि समोरच्या माणसाचे बोलणे तुटते. आणि नुसत्या चालीवर भुलून एखादे ताटातुटीचे गाणे नवरानवरीच्या घासाच्या वेळी लावले जाते, तेही टळते.

तिसरे, आवाजाची परीक्षा एक. सगळ्यांत वयस्क आजींना कर्ण्यापासून लांब बसवावे, त्यांच्या शेजारी आपण बसावे आणि नेहमीच्या आवाजात विचारावे, "भात वाढू का?" त्यांनी पहिल्या हाकेला मान डोलावली, तर आवाज योग्य आहे. हे बोलणे ठरवतानाच पॅकेजवाल्याला सांगावे, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

चौथे, प्रत्यक्ष वाजवणारी माणसे बोलावली असतील तर त्यांना ठरलेल्या बिदागीबरोबर पहिल्या पंगतीला, पाहुण्यांच्या ओळीत पान वाढावे. ते जेवत असता पाऊण तास सूर थांबले तर लग्नात काही उणे पडत नाही. पिढ्यान् पिढ्या जे राहून गेले, ते एवढ्याने भरून येणार नाही. पण आपल्या मांडवापुरते तरी पुढे चालणार नाही.

पाचवे आणि मला सर्वांत प्रिय असलेले : जेवण उरकत आले, विडे फिरू लागले, की यंत्र बंद करावे आणि अर्धा तास बायकांना द्यावा. तिथे विहीण म्हणावी. मात्र जुन्या रिवाजात बदल करून दोन्ही पक्षांनी म्हणावी. मुलीच्या आईने लेकीसाठी म्हणावे, तसे मुलाच्या आईनेही लेकासाठी म्हणावे, कारण त्यालाही आता नवे घर समजून घ्यायचे आहे. वाकायचे असेल तर दोघींनी सारखेच वाकावे. आणि मांडवात सवाष्ण, विधवा, घटस्फोटित असा भेद न करता ज्या बाईला चाल येते तिने गावे. घाण्याच्या ओवीला सवाष्णच हवी असे म्हणून आपण कितीतरी गोड गळे कोपऱ्यात बसवून ठेवले.

आपल्या मंडळात मुळशीच्या मूळच्या घरांतल्या बायका आहेत, तशा विदर्भातून, खानदेशातून, सीमेपलीकडून कर्नाटकातून, आणि उत्तरेतून नोकरीनिमित्त आलेल्या घरांतल्याही आहेत. प्रत्येकीच्या माहेरी पंगतीचे गाणे वेगळे. वऱ्हाडातल्या बाईची चाल निराळी, आपल्या मावळची निराळी. हे धन एकत्र करायला यापेक्षा सोयीची जागा दुसरी नाही.

म्हणून एक सूचना मांडून पुरे करते. मंडळाच्या कपाटात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आईला, सासूला, आत्याला विचारून लग्नातले निदान एक गाणे त्यात स्वतःच्या हाताने लिहावे. कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, कोणाकडून ऐकले ते लिहावे. आणि मोबाइल हाताशी असतोच, तर ती चाल त्यांच्याच आवाजात घेऊन ठेवावी. वहीचे पहिले पान मी माझ्या आईकडून ऐकलेल्या घाण्याच्या ओव्यांनी भरून चिटणीसबाईंच्या स्वाधीन केले आहे. दुसरे पान कोरे आहे. येत्या मासिक सभेला येताना ते कोणी भरायचे हे आपसात ठरवून यावे, ही विनंती.